मोहोराची साक्ष

आमच्याकडचा वसंत पंचांगाचं ऐकत नाही. पंचांगात तो चैत्रात लागतो. वेळणेश्वरात चैत्र उजाडेपर्यंत मोहोर केव्हाच गळून गेलेला असतो, फांदीला कैरी लोंबत असते आणि बागायतदाराच्या डोक्यात पेट्या, पेंढा आणि वाशीचा भाव एवढंच फिरत असतं. आंब्याला फूल येतं ते थंडी पडली की, मार्गशीर्ष-पौषात. मग काजू, मग काटेसावर, पांगारा, पळस, आणि शिमगा जवळ आला की सुरंगी. असा आमचा वसंत थंडीतच चोरपावलांनी येतो आणि पुस्तकातला वसंत सुरू व्हायच्या आत निम्मा संपतो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी ठरवलं की वसंतपंचमीला आपल्या आगरात फुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. चित्रं काढणारी सगळी इकडचीच. आमच्या जिल्ह्यात सावर्ड्याला चित्रकलेचं कॉलेज झाल्यापासून एखादा पोरगा रंगाची पेटी घेऊन पऱ्ह्याकाठी बसलेला दिसला तर त्याला कुणी वेड्यात काढत नाही. तसे दोन पोरगे होते. हेदवीकडचा गणपती रंगवणारा एक कारागीर होता, तो जन्मभर डोळे आणि सोंडा रंगवत आलेला, फूल पहिल्यांदाच. एक रिटायर झालेले एस.टी.चे कंडक्टर होते. शाळेतली पंधरा-वीस पोरं होती. आणि आमच्या वाडीतलीच एक मुलगी होती, कॉलेज पुरं करून नुकतीच घरी आलेली. मास्तरांची अट एकच. जे फूल आज या तालुक्यात झाडावर आहे तेच काढायचं, आणि समोर बसून काढायचं. कॅलेंडरातला गुलाब चालणार नाही.

मी एकदा भाचीबरोबर पुण्याला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघितलंय. जानेवारीत भरतं. फुलांच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या, तिकिटाला गर्दी, एका अंगाला पोरं मांडी घालून चित्रकलेच्या स्पर्धेला बसलेली. छान असतं. पण तिथं फूल माणसाकडे आणलेलं असतं. मास्तरांचं म्हणणं उलटं होतं, की माणसानं झाडाकडे जायचं.

तर ही मुलगी आमच्या वरच्या बागेत आली. म्हणाली, "काका, मोहोर काढायचाय."

मी म्हटलं, "ये की. पण खालच्या आगराजवळचं कलम घे. वरचा मोहोर धड नाही."

ती वर गेली आणि गडग्याच्या कडेला जे जुनं कलम आहे त्याच्यासमोरच पोतं टाकून बसली. "हाच काढते," म्हणाली.

आता खरं सांगायचं तर मोहोराला आम्ही फूल म्हणतच नाही. फूल म्हणजे जास्वंद, तगर, सोनचाफा. मोहोर म्हणजे हिशोब. तुऱ्याची लांबी बघायची, ढग आहे का बघायचं, दव किती पडतंय बघायचं आणि पंपात औषध भरायचं. दापोलीच्या विद्यापीठानं फवारणीचं वेळापत्रक दिलेलं आहे, ते घरात देवाच्या फोटोशेजारी टांगलेलं असतं. एका तुऱ्यावर हजारांनी फुलं येतात. त्यातली बहुतेक नर, नुसती दिसण्यापुरती. फळ धरणारी थोडी. त्यातूनही वारा, भुरी आणि तुडतुडा यातून वाचून तुऱ्याला शेवटी एखादं-दुसरं फळ राहिलं तरी आम्ही देवाला नारळ फोडतो. एवढी उधळपट्टी दुसरं कुठलं झाड करत असेल कुणास ठाऊक.

त्या मुलीनं एक भिंग आणलं होतं. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "काका, बघा जरा." मी बघितलं. तांदळाच्या कण्याएवढं फूल, त्याला पाच पाकळ्या, पाकळीवर पिवळ्या रेघा, आणि जुन्या झालेल्या फुलात त्याच रेघा लालसर झालेल्या. मध्ये एकच केसर उठून दिसणारं, त्याच्या डोक्यावर जांभळी टोपी. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून मी मोहोराखाली वावरतोय. पन्नास-पंचावन्न मोहोर डोक्यावरून गेले. ती जांभळी टोपी मला ठाऊक नव्हती. मला लाज वाटली असं नाही, पण कपातला चहा तिच्याऐवजी मीच पिऊन टाकला हे मागनं लक्षात आलं.

घरी हे सांगितलं तर आमच्या मंडळींनी वेगळाच मुद्दा काढला. मास्तरांच्या घरची पोरं देवपूजेच्या तगरीसमोर बसून चित्र काढत होती. ही विचारते, "चित्र काढलेलं फूल देवाला चालतं का वो?"

आमची आई फुलाचा वास घेऊ द्यायची नाही. परडी घेऊन निघालो की मागनं ओरडायची, नाकाला लावू नको रे, उष्टं होतं. वास घेतलेलं फूल म्हणजे माणसानं वापरलेलं. मग बघितलेलं? चार दिवस टक लावून बघितलेलं फूल उष्टं झालं की नाही? मी रात्री ओटीवर पडून याचा विचार केला. वास घेतल्यानं फुलातलं काही कमी होत असेल अशी आईची समजूत असावी. बघितल्यानं कमी काय होणार? उलट मला वाटलं, त्या मुलीनं बघितल्यामुळं माझ्या कलमात काहीतरी वाढलंच. मी मंडळींना म्हटलं, चालतं, खुशाल वाहा. तेव्हा मला हे कळलं नव्हतं, की बघणं दिसतं तेवढं बिनखर्चाचं नसतं.

वसंतपंचमी त्या साली फेब्रुवारीच्या मध्यावर होती. आदल्या दिवशी चित्रं टांगायला मी मदतीला गेलो. पोफळीपासून पोफळीपर्यंत सुंभ बांधलं होतं आणि त्याला कपड्यांचे चिमटे. मास्तर प्रत्येक पोराकडून चित्राखाली तीन गोष्टी लिहून घेत होते. काढणाऱ्याचं नाव, झाड कुठलं, तारीख काय. कंडक्टर म्हणाले, "मास्तर, आमचं नाव कशाला? आमची काय चित्रं?" तेव्हा मास्तरांनी एक हकीकत सांगितली.

पुण्याजवळ दापोडीला इंग्रजांच्या काळात सरकारी बाग होती. अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर ती बघायचा. त्यानं १८४७ ते १८५० या काळात एका हिंदी चित्रकाराला बसवून बागेतल्या फुलाझाडांची शंभरावर चित्रं काढून घेतली. ती चित्रं आज तिकडे एडिंबरोच्या बागेत जपून ठेवलेली आहेत, त्यांच्यावर जाडं पुस्तक निघालंय. साहेबाचं नाव पुस्तकावर आहे. चित्रकाराचं नाव मात्र कुठं लिहूनच ठेवलेलं नाही. पान न् पान, देठ न् देठ त्यानं खरं काढलं, ते अजून झाडं ओळखायला उपयोगी पडतं, आणि तो स्वतः कोण, कुठल्या गावचा, कुणाला माहीत नाही. "म्हणून नाव लिहा," मास्तर म्हणाले. "साक्ष द्यायची तर साक्षीदाराचं नाव पायजे."

कंडक्टरांनी मुकाट्यानं नाव लिहिलं.

मी सुंभाच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथं आमच्या वाडीतल्या मुलीचं चित्र बघितलं. खाली तिचं नाव. त्याखाली लिहिलं होतं, "हापूस, वरची बाग," माझं नाव, "वेळणेश्वर," आणि तारीख.

चित्रात कलमाची अर्धी बाजू काळी होती.

नीट सांगतो. त्या साली मोहोर उशिरा आला, आणि आल्या आल्या चार दिवस मळभ धरलं. वरच्या बागेत तुडतुडा पडला. मी फवारणीला दोन दिवस उशीर केला, पंपाचा नोझल बिघडला होता. तुडतुडा रस पिऊन चिकट घाण सोडतो, ती पानावर पडते आणि तिच्यावर काळी बुरशी चढते. आम्ही म्हणतो खार पडली. गडग्याकडच्या सहा-सात कलमांवर खार पडली होती. मुलीनं ती खार काढली होती. नुसती काळी नाही, काळ्यात हिरवा, काळ्यात विटकरी. तुऱ्याचे वाळके देठ, खालच्या पानावरची चकाकी, सगळं. आणि दुसऱ्या बाजूला धड मोहोर, तांबूस-पिवळा, त्याच्यात ती जांभळी टोपीसुद्धा ठिपक्यानं दाखवलेली.

माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या वर्षीची बाग अजून करारानं द्यायची होती. दरवर्षी घेणारा व्यापारी गुहागरकडचा, त्याचं सासर याच वाडीत. उद्या तो बायकोपोरांना घेऊन प्रदर्शनाला येणार हे मला ठाऊक होतं. मोहोर बघायला तो परवा माझ्याकडे येणार होता. म्हणजे बाग बघायच्या आधी तो बागेचं चित्र बघणार, खाली माझ्या नावासकट.

मी मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाय, हे असं का काढलंस?"

"असंच आहे ना काका?"

"आहे गो. पण अर्धं झाड चांगलं आहे, त्या अंगानं बसली असतीस तर?"

ती गप्प झाली. मग तिला सगळं ध्यानात आलं. शेतकऱ्याचीच पोर ती. म्हणाली, "काका, तुम्ही म्हणत असाल तर काढून ठेवते. नायतर रंग चढवते वरनं. पाच मिन्टाचं काम."

आता इथं मला थोडं मागं जायला पाहिजे.

१९९८ साली धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि हातात पैसा नव्हता. तेव्हा बाग घ्यायला एक तरुण मुलगा आला, धंद्यात नवीन, दुसऱ्या तालुक्यातला. वरच्या बागेत तेव्हाही तुडतुडा होता. तुडतुडा पडलेल्या कलमाखालनं चाललं की किडे एकदम उठतात, बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो आणि तोंडावर शिंतोडे उडाल्यासारखं वाटतं. पायाखालचा पातेरा चिकटतो. जाणत्या माणसाला झाड बघावंच लागत नाही. मी त्या पोराला सकाळी उन्हाच्या आधी बोलावलं आणि पाखाडीवरनं बाग दाखवली. लांबनं खार पडलेला मोहोर दाट मोहोरासारखाच दिसतो. समुद्राकडची चांगली कलमं होती, तिथं खाली नेऊन फांदी हातात दिली. वर न्यायची वेळ आली तेव्हा घरात चहा झालाय म्हटलं. एक अक्षर मी खोटं बोललो नाही. त्यानं विसार दिला, आठ दिवसांनी निम्मे पैसे दिले. बहिणीचं लग्न झालं. वरच्या बागेतनं त्याला पेटीभर आंबा मिळाला नाही. उरलेले पैसे मात्र त्यानं शब्द दिल्याप्रमाणे आणून दिले. एवढंच विचारलं, "तुम्हाला म्हायत होतं काय?" मी म्हटलं, "आंब्याचं कुणाला सांगता येतंय?" तो पुन्हा आमच्या गावात आला नाही.

आमच्या देवाला केतकी वाहत नाहीत. किनाऱ्याला केतकीची बनं आहेत, वास देवळापर्यंत येतो, पण पिंडीवर केतकी चढत नाही. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात मोठा कोण असा वाद झाला, तेव्हा शंकर ज्योतीचा खांब होऊन उभा राहिला. ब्रह्मदेव टोक शोधायला वर गेला, सापडलं नाही, आणि येताना केतकीला घेऊन आला, की सांग, मी टोक बघितलं. केतकीनं हो म्हटलं. लहानपणी मला वाटायचं, बिचारं फूल, मोठ्यानं बोलावलं म्हणून गेलं, एवढी शिक्षा कशाला? १९९८ नंतर मी दर महाशिवरात्रीच्या जत्रेला रांगेत उभा राहतो आणि केतकीची दया येत नाही. पण हेही मनात येतं, की केतकी निदान बोलली तरी. मी तर चहाला चला म्हटलं.

मास्तरांचं पांगाऱ्याचं चित्र पलीकडेच लटकत होतं. तो पांगारा मला रोजचा. त्याच्या आडवी विजेची तार जाते आणि खाली गावचा कचरा पडतो. चित्रात तार नव्हती, कचरा नव्हता. मग मास्तरांनी खोटी साक्ष दिली का? मी त्यांना त्याच वेळी विचारलं. ते म्हणाले, "मी फूल काढलं. तार काढायची नव्हती मला." यात उत्तर आहे आणि नाहीही. मला त्यातल्या त्यात पटलं ते असं. पांगाऱ्याची तार कुणी विकत घेणार नव्हतं. तार वगळली म्हणून कुणाचा पैसा बुडत नव्हता. चित्रकारानं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते त्यानं बघावं, त्याला निवड म्हणू. पण तेच सोडणं दुसरा कुणी पैसे मोजताना झालं की ते लपवणं होतं. कुंचला तोच, रंग तोच. बघणारा कशासाठी बघतोय त्यावर ते ठरतं. मी तरी असं धरून चाललोय. कुणी शिकलेला माणूस यात खोट काढील, तर काढू दे.

पण हे झालं माझ्या बाजूचं. त्या मुलीच्या बाजूचं काय? तिनं माझं झाड माझ्याच परवानगीनं बघितलं, आणि बघितलेलं चारचौघांत टांगलं. एखाद्याच्या घरी जेवायला जावं आणि त्याच्या फाटक्या चटईची गोष्ट गावभर सांगावी, तसंच नाही का ते? हा राग माझ्या मनात होता आणि अजून थोडा आहे. मोहोर तिचा नव्हता, तोटा तिचा नव्हता. आणखी एक बोचलं. गावातल्या दोन-तीन बायका त्या चित्रापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गो सुंदर काळा रंग आलाय!" माझं नुकसान त्यांना सुंदर दिसत होतं. पण मग आठवलं, आषाढात दर्या खवळला की मीसुद्धा छत्री घेऊन किनाऱ्यावर लाटा बघायला जातोच. कुणाची होडी खेचायची राहिली असेल का, हे त्या वेळी माझ्या मनात कितीदा आलं? सुंदर दिसतं ते दिसतं. दिसलं म्हणून त्यांचा गुन्हा नाही.

मुलगी हातात ब्रश घेऊन उभी होती. खरंच उभी होती, पाण्याचा डबा घेऊन. मंडळी मागं आलेल्या मला कळल्या नाहीत. त्यांना १९९८ सालचं सगळं माहीत आहे, बहिणीच्या लग्नातल्या सगळ्या साड्या त्यांनीच आणल्या होत्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, "डबा ठेव खाली, सांडेल."

मी चिमटा काढला होता, तो परत लावला. धैर्य वगैरे काही नाही. मला सगळ्यात जास्त भीती या गोष्टीची वाटली, की ती पोरगी माझ्यासमोर त्या काळ्यावर पिवळा चढवील आणि ते तिला सहज जमेल. बावीस-तेवीस वर्षांची पोर. एकदा हाताला सवय लागली की लागली. मला बघा ना.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. पोरांना घेऊन सगळी चित्रं बघत बघत त्या चित्राशी पोचला, खालची अक्षरं वाचली, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, पोरीला तुडतुडा बरोबर कळलाय." एवढंच. परवाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे बागेत आला आणि थेट गडग्याकडच्या कलमांखाली जाऊन उभा राहिला. ती सात कलमं त्यानं करारातनं वगळली. उरलेल्या बागेचा भाव मात्र त्यानं घासाघीस न करता दिला. एरवी अर्धा दिवस जातो त्यात. आता त्या सात कलमांचा तोटा जास्त की न झालेल्या घासाघिशीचा फायदा जास्त, हा हिशोब मी वहीत मांडून बघितला. तोटाच जास्त होता. बराच जास्त.

प्रदर्शनात चित्रं खपली. जत्रेआधी कुलदैवताला आलेल्या मुंबईच्या माणसांनी पळस घेतला, काटेसावर घेतली. मास्तरांचा पांगारा तर पहिल्याच तासात गेला. गणपतीवाल्याची जास्वंद गेली. त्याच्या फुलाला डोळा असल्यासारखा वाटतो, असं सगळे म्हणत होते. पोरांची चित्रं पोरांच्या आयांनीच घेतली. काळा मोहोर कुणी घेतला नाही. सुंभ सोडायच्या वेळी मुलीनं तो गुंडाळून माझ्याकडे दिला. मी पैसे विचारले तर म्हणाली, "काका, कलम तुमचंच."

चित्र आमच्या पडवीत आहे, पंप टांगतो त्या खुंटीच्या वर. गेल्या साली त्या कलमानं मोहोर धरलाच नाही, सगळी पालवी फुटली. यंदा थंडी बरी आहे. काल वर जाऊन आलो. गडग्याकडच्या फांद्यांचे डोळे फुगलेत. पंपाचा नोझल चिपळूणहून नवीन आणलाय. मुलगी मुंबईला नोकरीला लागली, पण शिमग्याला येणार आहे, आणि या खेपेला सुरंगी काढायची म्हणते. सुरंगीची कळी पहाटे उमलायच्या आत खुडावी लागते, तर गजऱ्याला पैसे. खुडणारी बाई आमच्याच शेजारची. दोघींनी एकाच झाडाखाली यायचं कसं, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे.